करवत, कोन आणि दहा बोटे : मायटर सॉच्या इतिहासाचा एक धडा



इतिहास म्हटला की आपल्यासमोर लढाया, तहनामे आणि राजवाडे उभे राहतात. ज्या हत्यारांनी त्या राजवाड्यांचे दरवाजे घडले, ज्या करवतींनी गलबतांच्या फळ्या कापल्या, त्यांचा इतिहास मात्र पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही. वास्तविक हत्यारांचा इतिहास हा माणसांच्या हातांचा इतिहास असतो. म्हणून आज आपल्यापुढे एका साध्या यंत्राची कहाणी ठेवीत आहे. त्या यंत्राला मायटर सॉ म्हणतात.

फर्निचरच्या कारखान्यात, फोटोच्या चौकटी बनविणाऱ्याच्या दुकानात, ॲल्युमिनियमच्या खिडक्या तयार करणाऱ्याच्या गाळ्यात हे यंत्र आपण पाहिले असेल. एका पाटावर लाकूड किंवा पट्टी ठेवायची, वर बसविलेले विजेचे गोल पाते हँडल धरून खाली आणायचे, आणि हव्या त्या कोनात सफाईदार काप घ्यायचा, एवढेच त्याचे काम. आपल्यापैकी अनेकांची मुले आयटीआयमध्ये सुतारकाम शिकतात, कोणी मामाच्या किंवा चुलत्याच्या गाळ्यात हाताखाली काम करतात, कोणी परदेशी नोकरीसाठी हुन्नर शिकून घेतात. त्यांच्यापैकी कित्येकांच्या हाती आज ना उद्या हे यंत्र येणार आहे. ते कोठून आले, त्याने काय दिले, काय हिरावून घेतले आणि ते नीट कसे वापरावे, हे पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी एकत्र बसून समजून घ्यावे, असा या लेखाचा हेतू आहे.

कोनाची विद्या

दोन पट्ट्या काटकोनात जोडावयाच्या असतील तर सुतार दोन मार्गांनी जाऊ शकतो. एक म्हणजे एका पट्टीचे टोक दुसरीच्या अंगाला भिडवणे. त्यात एका पट्टीचे कापलेले टोक उघडे दिसते. दुसरा मार्ग म्हणजे दोन्ही पट्ट्या ४५ अंशांत तिरप्या कापून एकमेकींना भिडवणे. मग टोक कोठेच दिसत नाही, आणि पट्टीवरची नक्षी कोपऱ्यावरून वळून सरळ पुढे जाते. या दुसऱ्या सांध्यालाच मायटर सांधा म्हणतात. आपल्या घरातील कोणतीही तसबिरीची चौकट घेऊन तिचा कोपरा निरखा, तेथे हा सांधा दिसेल.

विद्यार्थी मित्रांनो, येथे भूमिती कशी कामाला येते ते पाहा. चौकटीला चार कोपरे, म्हणून प्रत्येक काप ४५ अंशांचा. षट्कोनी चौकट करायची तर काप ३० अंशांचा. अष्टकोनी करायची तर साडेबावीस अंशांचा. नियम सोपा आहे : १८० ला बाजूंच्या संख्येने भागा, कापाचा कोन मिळेल. आजच्या मायटर सॉच्या पाटावर १५, २२.५, ३० आणि ४५ अंशांवर खाचा केलेल्या असतात, त्यांचे कारण हेच. शाळेत फळ्यावर शिकलेला बहुकोन तेथे लोखंडात कोरलेला आहे.

या विद्येची थोर परंपरा मुस्लिम जगातील सुतारांनी जोपासली. १२ व्या शतकात नूरुद्दीन झंगी याने अलेप्पो येथे एक लाकडी मिंबर घडवून घेतला. सन ११६८ च्या सुमारास त्याचे काम चालू होते. पुढे ११८७ मध्ये सलाहुद्दीनने तो जेरुसलेमच्या अल्-अक्सा मशिदीत आणून बसविला. लाकडाचे असंख्य लहान तुकडे निरनिराळ्या कोनांत कापून, एकमेकांत गुंतवून त्यावरची ताऱ्यांची आणि बहुकोनांची नक्षी साधली होती, आणि ती घडविणाऱ्या कारागिरांनी आपली नावेही त्यावर कोरून ठेवली होती. २१ ऑगस्ट १९६९ रोजी लावलेल्या आगीत तो मिंबर जळाला. त्याची प्रतिकृती जॉर्डनमध्ये तयार होऊन २००७ साली बसविण्यात आली. मूळ मिंबर घडला तेव्हा विजेचे पाते नव्हते. गुण्या, परकार, हातकरवत आणि गणित एवढ्यावर ते काम झाले. यंत्र हुन्नराच्या मागून येते, हे त्यावरून ध्यानात ठेवावे.

हातकरवतीने अचूक कोन साधणे सोपे नसते. हात किंचित कलला की काप कलतो. म्हणून युरोपातील सुतार लाकडाची एक पन्हळ वापरू लागले. तिच्या दोन्ही भिंतींना ४५ आणि ९० अंशांच्या खाचा असत. पट्टी पन्हळीत ठेवायची आणि खाचेतून करवत चालवायची. हा मायटर बॉक्स होय. अमेरिकेत १८६४ साली लँग्डन याने लोखंडी पाटाचा, हवा तो कोन लावता येईल असा मायटर बॉक्स पेटंट केला. करवत मार्गदर्शक दांड्यांतून चालावी आणि कोन पाटावर ठरावा ही आजच्या यंत्राची मूळ कल्पना तेथे तयार होती. फक्त पाते अजून सरळ होते आणि ताकद माणसाच्या दंडातली होती.

गोल पाते फिरू लागले

सरळ करवत जाताना कापते आणि येताना रिकामी येते. गोल पाते सतत कापते. ही कल्पना फार जुनी नाही. १७७७ साली इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर याला मिळालेल्या पेटंटात गोल करवतीचा उल्लेख आहे. अमेरिकेत अशी कथा सांगतात की शेकर पंथातील टॅबिथा बॅबिट या बाईने १८१३ च्या सुमारास चरख्याचे चाक पाहून गोल करवत शोधली. कथा सुंदर आहे, परंतु मिलरचे पेटंट तिच्या ३६ वर्षे आधीचे आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने कथा ऐकावी आणि तारखाही तपासाव्यात.

गोल करवतीचे सामर्थ्य जगाला दिसले ते पोर्ट्समथच्या गोदीत. शिडांच्या जहाजाला दोर ओढण्यासाठी लाकडी कप्प्या लागत. मोठ्या लढाऊ जहाजाला सुमारे एक हजार कप्प्या लागत, आणि त्या साऱ्या हाताने घडाव्या लागत. मार्क इसाम्बार्ड ब्रुनेल याने कप्प्या बनविणाऱ्या यंत्रांची मालिका आखली, हेन्री मॉडस्ले याने ती यंत्रे घडविली, आणि सॅम्युएल बेंथम याच्या देखरेखीखाली ती गोदीत उभी राहिली. लाकूड कापण्याच्या कामी त्यांत गोल करवतीही होत्या. १८०८ साली तेथे १,३०,००० कप्प्या तयार झाल्या. जे काम पूर्वी ११० कसबी कारागीर करीत, ते आता दहा साधे मजूर करू लागले.

याच काळात आपल्या मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जमशेदजी बमनजी हे मलबारी सागवानाची जहाजे बांधीत होते. १८१७ साली त्यांनी पाण्यात सोडलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज १८१९ मध्ये पोर्ट्समथला पोहोचले. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जपून ठेवलेले आहे. मुंबईच्या सुतारांच्या हातचे जहाज ज्या बंदरात शिरले, तेथे सुतारांच्या हातांची जागा यंत्र घेत होते. १९ व्या शतकात कारागिरांचे काय होणार होते, याची चुणूक त्या एका प्रसंगात दिसते.

दहा माणसे ११० जणांचे काम करू लागली हा झाला हिशेबाचा एक रकाना. दुसऱ्या रकान्यात काय लिहायचे? हातकरवतीने बोट कापले तर हात आपोआप थांबतो, कारण करवत चालविणारा हात आपलाच असतो. वाफेवर फिरणाऱ्या पात्याला थांबायचे कारण नसते. ज्याच्या अंगावर जखम होते त्याच्या ताब्यात हत्यार नसते. हत्यार आणि हात यांची ही फारकत म्हणजे यंत्रयुगातील अपघाताचे मूळ होय.

बोटांची किंमत

या प्रश्नाची दखल कायद्याने घ्यायला वेळ लागला. ब्रिटनमध्ये १८४४ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील धोक्याच्या यंत्रभागांना कठडे घालणे बंधनकारक झाले. लाकूडकामाच्या यंत्रांसाठी स्वतंत्र नियम यायला १९२२ साल उजाडले. गोल करवतीचा पाटाखालचा भाग झाकावा, वरच्या बाजूला मजबूत गार्ड असावा, पात्याच्या मागे फाळपट्टी असावी, म्हणजे चिरलेले लाकूड पात्याला आवळणार नाही, आणि लाकूड पुढे ढकलण्यासाठी काठी जवळ असावी, असे ते नियम सांगत होते. यातली एकेक ओळ कोणाच्या तरी हाताची किंमत देऊन लिहिली गेली आहे, असे म्हटले तर ते चूक होणार नाही.

हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा १८८१ साली झाला. त्यासाठी मुंबईच्या सोराबजी शापुरजी बंगाली यांनी खटपट केली होती. या कायद्यात यंत्रांना कठडे घालण्याची तरतूद होती, परंतु शंभर किंवा त्याहून अधिक कामगार असतील तेथेच तो लागू होता. तीन वर्षांनी, १८८४ मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून एक अर्ज तयार केला. आठवड्याची सुट्टी आणि दुपारची विश्रांती यांच्या जोडीला त्यात एक मागणी अशी होती की कामावर जखमी झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत पगार मिळावा, आणि तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. ही मागणी कायद्यात उतरायला ३९ वर्षे लागली. १९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा संमत झाला.

त्या कायद्याला जोडलेला एक तक्ता आहे. कोणता अवयव गेला तर कमाईची शक्ती किती टक्क्यांनी घटली असे धरावे, याचा हिशेब त्यात दिलेला आहे. अंगठा गेल्यास ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेल्यास १४. मधले बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची चारही बोटे गेल्यास ५०. भरपाई ठरवायला असा तक्ता लागतोच, त्याविषयी तक्रार नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा सामावून घेण्यात आला आहे. परंतु पालक बंधूंनो, आपल्या मुलाच्या हाताकडे पाहून हे आकडे पुन्हा एकदा वाचा. ज्या बोटांनी तो लेखणी धरतो, रंधा चालवतो, म्हातारपणी आपला हात धरणार आहे, त्यांची किंमत या तक्त्यात मावेल काय?

स्वतंत्र भारतात १९४८ चा कारखाना कायदा आला. धोक्याच्या यंत्रभागांवर भक्कम संरक्षण असावे आणि यंत्र चालू असेपर्यंत ते जागेवर राहावे, हे त्याच्या २१ व्या कलमात होते. २३ व्या कलमात तरुण कामगारांचा विचार होता. धोके आणि खबरदारी यांची पूर्ण माहिती दिल्याशिवाय, आणि पुरेशी तालीम किंवा जाणत्या माणसाची देखरेख असल्याशिवाय, ठराविक धोक्याच्या यंत्रांवर अल्पवयीन मुलाला काम करू देण्यास मनाई होती. पुढे बालकामगारविषयक १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास आणि १८ वर्षांखालील किशोरांना धोक्याच्या कामांवर ठेवण्यास बंदी झाली.

यंत्र कारखान्याबाहेर आले

एकीकडे कायदा कारखान्यात शिरत होता, तर दुसरीकडे यंत्र कारखान्यातून बाहेर पडत होते. विजेची मोटर लहान होत गेली. अमेरिकेत १९२२ साली रेमंड डीवॉल्ट याने आडव्या दांड्यावर सरकणारी गोल करवत बनविली. १९२४ च्या सुमारास एडमंड मिशेल याने हातात धरून चालविण्याची विजेची करवत तयार केली. जर्मनीत कार्ल श्र्योटर याच्या १९२३ च्या संशोधनातून टंगस्टन कार्बाइड हा अतिकठीण पदार्थ हाती आला. क्रुप कंपनीने तो ‘विडिया’ या नावाने बाजारात आणला. त्याचा अर्थ ‘हिऱ्यासारखा’. आपल्याकडचे कारागीर पात्याच्या कठीण दातांना आजही विडिया म्हणतात ते यामुळेच. अखेर १९६४ साली अमेरिकेतील रॉकवेल कंपनीने मायटर बॉक्सच्या पाटावर विजेचे गोल पाते बिजागरीने बसवून पहिला विजेचा मायटर सॉ विक्रीस काढला. लँग्डनच्या पेटंटनंतर बरोबर शंभर वर्षांनी!

या यंत्राने लहान कारागिराला मोठे बळ दिले. मोठी जागा नको, लाखोंचे भांडवल नको. गाळ्यात एका माणसाने दिवसभरात शेकडो अचूक काप घ्यावेत हे शक्य झाले. त्याचबरोबर एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटली. कायद्याची व्याप्ती पाहा. १८८१ साली शंभर कामगार, १८९१ साली पन्नास, १९२२ साली वीस, आणि १९४८ साली विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी दहा. कायदा सात दशके हळूहळू लहान कारखान्याच्या दाराशी येत होता. २०२० साली मंजूर झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विजेवरच्या कारखान्याचा हा आकडा पुन्हा वीस झाला. पण दहा धरा किंवा वीस धरा, मालक आणि दोन पोरे एवढेच जेथे काम करतात त्या गाळ्यापर्यंत कारखाना निरीक्षक येणार नाही. मायटर सॉ मात्र तेथे आधीच येऊन पोहोचला आहे. इतक्या वर्षांच्या झगड्याने जी जबाबदारी मालकावर आणि सरकारवर टाकली गेली होती, ती या गाळ्यात पुन्हा त्या एकट्या कारागिराच्या डोक्यावर येऊन पडली आहे. म्हणून तेथे निरीक्षकाचे काम उस्तादाने, पालकाने आणि खुद्द शिकणाऱ्याने करावयाचे आहे.

धोका किती आहे याचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा. दहा इंची पाते मिनिटाला सुमारे ५,००० फेरे घेते. त्याचा परीघ सुमारे ८० सेंटिमीटर. म्हणजे दाताचा वेग सेकंदाला ६६ मीटरच्या आसपास, तासाला सुमारे २४० किलोमीटर. पात्याला ६० दात असतील तर एका सेकंदात एका जागेवरून ५,००० दात जातात. काही चुकले हे लक्षात येऊन हात मागे घ्यायला माणसाला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. तेवढ्यात हजार दात पुढे गेलेले असतात. ‘मी चपळ आहे, मी सांभाळून घेईन’ हे म्हणणे या हिशेबापुढे टिकत नाही. जो उपाय करायचा तो यंत्र सुरू होण्यापूर्वी.

मांडणी कशी करावी

यंत्र डळमळत्या टेबलावर किंवा जमिनीवर विटा रचून ठेवू नये. कमरेच्या उंचीच्या भक्कम बाकावर ते बोल्टने आवळून बसवावे. लांब पट्टी कापायची तर तिच्या दोन्ही टोकांना पाटाच्या उंचीचे आधार द्यावेत. दुसऱ्या पोराला टोक धरून उभे करू नये, कारण तो कंटाळला की टोक खाली झुकते आणि काप पात्याला आवळतो.

वीजजोडणी तीन पिनांची, अर्थिंग असलेली असावी. वायर पायात येणार नाही आणि पात्याच्या वाटेत पडणार नाही अशी न्यावी. पाते बदलताना, कोन बसवताना किंवा अडकलेला तुकडा काढताना प्लग काढलेलाच असला पाहिजे. बटण बंद आहे एवढ्यावर विसंबू नये.

पाते निवडताना त्यावर छापलेला वेग वाचावा. तो यंत्राच्या वेगापेक्षा कमी असेल तर ते पाते लावू नये. पात्यावरील बाण आणि यंत्रावरील बाण एकाच दिशेला हवेत. लाकडाचे पाते वेगळे, ॲल्युमिनियमचे वेगळे. लोखंडाचा पाइप या यंत्रावर कापूच नये. तडा गेलेले किंवा दात तुटलेले पाते ‘आजच्यापुरते’ म्हणूनही चालवू नये. काही ठिकाणी ग्राइंडरला लाकडाचे पाते लावून काप घेतात. तो प्रकार तर पूर्णपणे वर्ज्य मानावा, कारण ग्राइंडर त्या पात्यासाठी घडलेलाच नसतो.

आता गार्ड. हँडल खाली आणताना गार्ड वर सरकतो आणि हँडल वर नेताच पाते पुन्हा झाकतो. भुश्याने तो अडकतो, काप नीट दिसत नाही, म्हणून कोणी तो दोरीने वर बांधून ठेवतात. १८४४ पासून कायद्याने जे मिळविले ते त्या दोरीने एका क्षणात घालविले जाते. गार्ड अडकत असेल तर प्लग काढून तो साफ करावा. बांधू नये.

कोनाची तपासणी अशी करावी. एक रुंद फळी ९० अंशांत कापा. एक तुकडा उलटा करून दोन्ही कापलेली टोके सरळ पट्टीच्या आधाराने भिडवा. फट दिसली तर चूक आहे, आणि ती दुप्पट होऊन दिसते, म्हणून लगेच ओळखू येते. अर्ध्या अंशाची चूक क्षुल्लक वाटते. परंतु चौकटीला आठ काप असतात. आठ वेळा अर्धा अंश म्हणजे चार अंश! तीन कोपरे बरोबर जुळतात आणि चौथा तोंड उघडतो, तो या कारणाने.

चालविताना

ढगळ बाह्या, गळ्यातला रुमाल, दुपट्टा, अंगठी, घड्याळ, यांपैकी काहीही अंगावर नसावे. हातमोजेही नकोत. मोजा बोट वाचवील असे वाटते, पण त्याचा धागा पात्यात सापडला तर तो हातालाच आत ओढतो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो, म्हणून कान झाकावेत. लाकडाचा भुसा निरुपद्रवी समजू नका. १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ ही कर्करोगकारक ठरविली आहे. नाकावर मास्क आणि भुसा ओढणारी पिशवी किंवा पंखा असावा.

लाकूड पाटावर बसलेले आणि पाठीमागच्या आधारपट्टीला, म्हणजे फेन्सला, भिडलेले असावे. फळीला बाक असेल तर तिची फुगीर बाजू फेन्सकडे करावी आणि कापाच्या जागी फट राहू देऊ नये. लाकूड क्लॅम्पने आवळावे. हात पात्यापासून किमान सहा इंच दूर असावा. तुकडा इतका लहान असेल की हात त्याहून जवळ न्यावा लागतो, तर तो तुकडा क्लॅम्पशिवाय कापायचा नाही. एका हातावरून दुसरा हात आडवा नेऊन लाकूड धरू नये. पात्याच्या सरळ रेषेत उभे न राहता किंचित बाजूला उभे राहावे.

मग काप घेण्याचा क्रम. पाते लाकडापासून दूर असतानाच ट्रिगर दाबा. पूर्ण वेग येऊ द्या. सावकाश, जोर न लावता खाली आणा. काप पूर्ण झाला की ट्रिगर सोडा आणि पाते खालीच धरून ठेवा. ते पूर्ण थांबले की मगच वर उचला. फिरते पाते वर उचलले तर सुटलेला तुकडा दातांत सापडून गोळीसारखा उडतो. त्याच कारणाने सुटणाऱ्या तुकड्याच्या बाजूला अडसर लावू नये. त्याला मोकळे पडू द्यावे. सरकत्या दांड्याचे यंत्र असेल तर डोके आधी आपल्याकडे ओढून घ्या, मग सुरू करा, खाली दाबा आणि पाते पलीकडे ढकलीत काप घ्या. आपल्याकडे ओढत काप घेतल्यास पाते लाकडावर चढून अंगावर येऊ शकते.

अलीकडच्या काळात अमेरिकेतील स्टीफन गॅस यांनी असे साधन शोधले की बोटाचा स्पर्श होताच विजेच्या संकेताने ओळख पटते आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसून पाते सेकंदाच्या दोनशेव्या भागात थांबते. २००४ पासून अशा टेबल सॉ विक्रीस आल्या. विज्ञानाची ही मोठी देणगी आहे. परंतु आपल्या बाजारातील साध्या मायटर सॉमध्ये ती आहे असे कोणी धरून चालू नये. तेथे अजून गार्ड, क्लॅम्प आणि शहाणपण यांवरच भिस्त आहे.

पालकांना आणि विद्यार्थ्यांना

पालक बंधुभगिनींनो, मुलगा किंवा मुलगी हुन्नर शिकते याचा संकोच बाळगू नका. ज्या गणिताला अभ्यासिकेत मान आहे तेच गणित त्या पाटावर आहे. परंतु मुलाला कोणाच्या हाताखाली सोपविताना पगार किती एवढेच विचारून परत येऊ नका. एकदा त्या गाळ्यात जाऊन उभे राहा. गार्ड जागेवर आहे का? प्लग काढून पाते बदलतात का? चष्मा आहे का? वय भरले नसेल तर त्याला यंत्रापासून दूर ठेवतात का? हे प्रश्न विचारणे म्हणजे उस्तादाचा अपमान नव्हे. चांगल्या उस्तादाला ते ऐकून आनंदच होईल. आणि जो उस्ताद ‘आम्ही असेच शिकलो’ म्हणून हसून टाळील, त्याच्याकडे मुलाला ठेवावे की नाही याचे उत्तर आपल्याला तेथेच मिळेल. मामा असो की चुलता, नात्याची भीड येथे धरू नये.

विद्यार्थी मित्रांनो, घाई, थकवा आणि गप्पा हे तीन शत्रू या यंत्राजवळ कधी येऊ देऊ नका. ऑर्डर संध्याकाळी द्यायची आहे म्हणून गार्ड बांधावासा वाटेल, शेवटचा एकच काप म्हणून क्लॅम्प टाळावासा वाटेल. त्या वेळी थांबा. चौकट एक दिवस उशिरा गेली तर गिऱ्हाईक रागावेल, पण उद्या पुन्हा येईल. बोट पुन्हा येत नाही.

अलेप्पोच्या कारागिरांनी आपल्या कामावर आपले नाव कोरले. त्यांच्या हातांनी घडविलेली वस्तू आठशे वर्षे उभी राहिली. तुमच्या हाती त्यांच्यापेक्षा कितीतरी वेगवान हत्यार आले आहे. त्याच्यावर हुकमत गाजवा, आणि आयुष्याच्या अखेरीस आपल्या कामावर नाव लिहिताना दहाही बोटे शाबूत असू द्या. हाच या इतिहासाचा धडा आणि हीच आपणांस विनंती.